डिस्नी वर्ल्डला ५ दिवस: कुठे जेवायचं, आणि रेटिंग कोणाचं धरायचं?

कैरीचं_पन्हं (१० एप्रिल)
नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओरलँडोला डिस्नी वर्ल्ड करतोय, ५ दिवस. आम्ही दोघं, मुलगी ८ वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा आणि नाशिकहून आलेले सासू-सासरे. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सासरे मासे-चिकन खातात पण त्यांना डायबेटिस आहे, संध्याकाळी साडेसहा-सातच्या आत जेवण लागतंच. मुलीला राजकन्या भेटायला हव्यात. मुलगा भूक लागली की पाच मिनिटंही थांबत नाही.

जेवणाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं म्हणून आता ठरवायलाच लागणार. आठवडाभर रोज रात्री मुलं झोपली की रिव्ह्यू वाचत बसतेय. एकाच ठिकाणाला एकजण ५ स्टार देतो की आयुष्यातलं सर्वात भारी जेवण, आणि त्याच्या खालीच दुसरा १ स्टार देतो की परत पाय ठेवणार नाही. आणि जे ५ स्टार आहेत ते सगळे स्टेक नाहीतर रिब्जला दिलेले! त्याचा माझ्या सासूबाईंना काय उपयोग? तुम्ही लोक कसं ठरवता? कोणाचं रेटिंग धरता?

भटकंती_सुरू
आम्ही तीनदा जाऊन आलोय. स्टार बघूच नकोस, सरळ मेनू बघ. डिस्नीच्या अ‍ॅपवर प्रत्येक ठिकाणचा मेनू किमतींसकट असतो. २०१९ पासून त्यांनी मेनूवर हिरवं पान टाकायला सुरुवात केलीय, पान असलं की त्या पदार्थात मांस, दूध, अंडं, मध काहीच नाही. सासूबाईंसाठी तेच शोधायचं. पान नसलेलं पण नुसतं चीज-भाजीचं असेल तर अंड्याबद्दल विचारून घ्यायचं. टेबल सर्व्हिस असेल तर वेटरला सांगितलं की शेफ स्वतः बाहेर येऊन बोलतो, आमच्या बाबतीत दोनदा आला.

पाटावरवंटा
कैरी, हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

थीम पार्कमधलं रेस्टॉरंट आणि आपल्या गावातलं रेस्टॉरंट एका तराजूत तोलता येत नाही. गावात आपण जेवायला म्हणून घराबाहेर पडतो. पार्कमध्ये सकाळी आठपासून उन्हात चाललेलो असतो, एपकॉट पार्कमध्ये त्या तळ्याभोवती नुसती एक फेरी मारली तरी सव्वा मैल होतो. दुपारी दोन वाजता समोर काय येतं त्यापेक्षा आपण कुठे टेकतो ते मोठं असतं. म्हणून आम्ही घरी १० मार्कांची पद्धत केली: जेवण ४, बसायची सोय आणि एसी २, किती वेळ गेला त्याचे २, मुलांना मजा आली का १, पैसे वसूल झाले का १. रात्री हॉटेलवर प्रत्येकानं आपापले मार्क सांगायचे, मुलांनीसुद्धा, आणि मी वहीत लिहायचे. दोन ट्रिपची वही आहे. त्यात एक गोष्ट कळली की आमच्या वहीतली पहिली तीन ठिकाणं बाहेरच्या रेटिंगमध्ये मधेच कुठेतरी आहेत, कारण तिथे आमच्या आईला अर्धा तास पाय वर करून बसता आलं होतं.

तेव्हा तुला सांगायचं ते हे की आधी टेबलाशी कोण बसणार त्यांची नावं लिही, प्रत्येकाची एकच अट लिही, आणि मग रेस्टॉरंट शोध.

सातारी_झटका
पाटावरवंटा, जेवणाला १० पैकी ४च? अहो मग ते रेस्टॉरंट कसलं, एसटी स्टँडची वेटिंग रूम झाली. बाकडं आहे, पंखा आहे, वडा मिळाला तर मिळाला! जेवणाला किमान ७ हवेत. माणशी ५०-६० डॉलर मोजून सपक बटाटा खायचा आणि वर एसी छान होता म्हणायचं हे मला पटत नाही.

पाटावरवंटा
झटकाराव, तुमची मुलं किती वर्षांची?

सातारी_झटका
लग्न व्हायचंय अजून :)

पाटावरवंटा
मग हा धागा जपून ठेवा, दहा वर्षांनी बोलू :)

ओरलँडोची_वहिनी
आले आले. अकरा वर्षं इथे राहतेय, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन जाते त्यामुळे गोळाबेरीज सांगते.

कैरी, तू जूनमध्ये येतेस म्हणजे दुपारी पाऊस धर. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी तीनच्या आगेमागे आभाळ भरून येतं, विजा कडाडतात, उघड्यावरच्या राइड बंद करतात आणि तासाभरात परत लख्ख ऊन. सगळी गर्दी तेव्हा जेवणाच्या जागी घुसते. म्हणून बसून जेवायचं बुकिंग दुपारी अडीचचं घे. पावसाचा तास आत जातो, आजी-आजोबांची विश्रांती होते, बारा-एकची झुंबड टळते. सासऱ्यांना मग साडेसहाला हलकंसं काहीतरी मोबाईल ऑर्डरनं.

मोबाईल ऑर्डर म्हणजे अ‍ॅपवरून आधीच पदार्थ निवडून वेळ घ्यायची, तिथे पोचलं की 'आलो' म्हणून बटण दाबायचं, मग ते बनवायला घेतात. हे सकाळी बसमध्येच करून ठेव, बाराला उघडून बघशील तर दीडची वेळ मिळेल.

बाहेरचं खाणं आत नेता येतं! पुष्कळांना माहीत नसतं. काचेची बरणी आणि दारू नको, बाकी डबा नेलात तर बॅग तपासणारा काही म्हणत नाही. आणि कुठल्याही काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात, बाटल्या विकत घेऊ नका.

मुलगा अडीचचा आहे ना, तर तीनच्या आतल्यांचे बुफेत पैसे नाहीत. ३ ते ९ मुलांचा दर, दहावं लागलं की मोठ्यांचा.

दशमी_स्पेशल
डबा नेता येतो हे वाचून आजचा दिवस सार्थकी लागला. दुधातल्या दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी. दोन दिवस टिकतात, उन्हात वास येत नाही.

खडीसाखर
मेथीचे ठेपले राहिले यादीत. आणि लिंबाचं गोड लोणचं, पण प्लास्टिकच्या डबीत, वहिनींनी सांगितलंय काच नको.

सातारी_झटका
अरे रेस्टॉरंटचा धागा आहे ना हा? सगळे डबाच घेऊन निघाले.

गोराईची_बोट
डब्यावरून आठवलं. आमची चौथीची सहल एस्सेलवर्ल्डला, गोराईच्या बोटीतच अर्ध्या पोरांनी डबे संपवले होते. बाई म्हणाल्या आता दिवसभर काय खाणार, आणि मग त्यांच्याच पिशवीतून दोन किलो चिवडा निघाला. राइड एकही आठवत नाही, तो चिवडा आठवतो.

ओरलँडोची_वहिनी
@गोराईची_बोट, अगदी! माझ्या सासूबाईंना विचारलं डिस्नीत काय आवडलं तर म्हणाल्या ते अननसाचं आइस्क्रीम. मॅजिक किंगडम पार्कमध्ये अ‍ॅडव्हेंचरलँड भागात अलोहा आइल नावाची टपरी आहे तिथला डोल व्हिप. दूध नसतं त्यात.

आता ठिकाणं. शाकाहारी आणि भारतीय जिभेसाठी माझ्या मते पहिला नंबर 'सना'. हे पार्कमध्ये नाही, अ‍ॅनिमल किंगडम लॉज हॉटेलच्या किडानी भागात आहे, म्हणजे पार्कचं तिकीट नसलेल्या दिवशीही जाता येतं. आफ्रिकन आणि भारतीय चवींची सरमिसळ. तिथली ब्रेड सर्व्हिस मागवायची: पाच प्रकारच्या रोट्या, त्यात नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा, आणि सोबत नऊ तोंडीलावणी. रायता, आंबा चटणी, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं, लाल मिरचीचं संबल... आणि खिडकीबाहेर गवतात जिराफ, झेब्रे फिरत असतात. उजेड असतानाच जा, रात्री काही दिसत नाही.

न्यूजर्सीकर_अण्णा
इथे न्यूजर्सीत एडिसनमध्ये नान, ओरलँडोतही नान? एवढे पैसे खर्चून गेल्यावर वेगळं काहीतरी खा की. एपकॉटला अकरा देशांची दालनं आहेत, मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड, कॅनडा. भारत नाही हे खरं, ते मलाही खटकतं. पण म्हणून तिथे जाऊनही नानच शोधायचा का?

ओरलँडोची_वहिनी
अण्णा, ज्यांना चार दिवस पिझ्झा आणि फ्राइज खाऊन झालेत आणि पाचव्या दिवशी समोर लसणाचं लोणचं येतं त्यांचा चेहरा मी पाहिलाय. सत्तरीतल्या माणसाला नवं काही खायला लावणं हा काही ट्रिपचा हेतू नाही ना?

न्यूजर्सीकर_अण्णा
तेही आहेच म्हणा. माझे वडील आले होते तेव्हा तिसऱ्या दिवशी नुसता भात हवा म्हणाले होते. आणि मी तेव्हा त्यांच्यावर चिडलो होतो. आता ते नाहीत, त्यामुळे तुमचं म्हणणं लगेच पोचलं. कैरी, नेच सासूबाईंना.

मंद_आच
रेटिंगबद्दल माझा अनुभव. एका फार गाजलेल्या बुफेला गेलो होतो, नाव घेत नाही. सगळीकडे साडेचार स्टार, डिस्नीच्या पात्रांच्या वेशातली माणसं टेबलाशी येऊन भेटतात म्हणून. रिव्ह्यू नीट वाचले असते तर कळलं असतं की साडेचार स्टार भेटीला आहेत, जेवणाला नाहीत. भाज्या थंड, आणि आमचा धाकटा, तेव्हा दोन वर्षांचा, एवढं मोठं कुत्र्याचं डोकं जवळ आलेलं बघून जे रडायला लागला ते बाहेर पडेपर्यंत. मोठीनं मात्र सहीची वही भरून आणली आणि ती अजून तिच्या उशाशी असते. आता सांगा किती मार्क द्यायचे? बायको ८ म्हणते, मी ३.

तेव्हापासून मी एकच करतो, रिव्ह्यूत स्टार किती ते सोडून देतो आणि लिहिणाऱ्यासोबत कोण होतं ते शोधतो. 'माझ्या आईला गुडघ्याचा त्रास', 'आमचा तीन वर्षांचा' असं काही सापडलं की तो रिव्ह्यू पूर्ण वाचायचा. नुसतं 'अप्रतिम' लिहिणाऱ्याचं सोडून द्यायचं.

भटकंती_सुरू
@मंद_आच +१. आणि तारीख बघायची. शेफ बदलतात, मेनू बदलतात, कोविडच्या आधीचं बुफे आता ताटात वाढून देतात असंही असतं. पूर्वी बुकिंग १८० दिवस आधी उघडायचं, आता ६०, तरी जुने लेख वाचून लोक सहा महिने आधीच कॅलेंडर लावतात. मी वर्षाच्या आतलंच वाचते.

टोकियोतली_मैना
थोडं विषयांतर. इथे टोकियो डिस्नीलँडला बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, दाराबाहेर पिकनिकची जागा आहे तिथे बसून डबा खायचा आणि मग परत आत. शाकाहारी लोकांना अवघडच, वरून भाजीचं दिसलं तरी माशाचा अर्क असू शकतो. पण पॉपकॉर्न! जागोजागी वेगळ्या चवीचे, त्यात करी पॉपकॉर्नसुद्धा. लोक गळ्यात पॉपकॉर्नचे डबे अडकवून फिरतात आणि तेच भरून घेतात. शेजारच्या डिस्नीसीमध्ये कॅसबा फूड कोर्ट आहे, तिथे करी आणि नान मिळतो. अण्णा, नान इथेही पोचलाय :)

न्यूजर्सीकर_अण्णा
हरलो :)

हिशेबनीस
डायनिंग प्लॅनचं कोणी बोललं नाही. २०२४ च्या जानेवारीत तो परत सुरू झाला, आधीच पैसे भरायचे आणि रोजची जेवणं त्यात. शाकाहारी माणूस असेल तर मी तरी घेणार नाही. मोठ्यांनी पैसे माणशी सारखेच भरायचे आणि फायदा त्यांना जे रोज स्टेक मागवणार. सासूबाईंच्या टोफूच्या (सोयाबीनचं पनीर) वाडग्यात ते वसूल होत नाहीत. घरातल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना घ्यायला लागतो, म्हणजे फक्त खाणाऱ्यांपुरता घेऊ असंही चालत नाही. शिवाय प्लॅन घेतला की माणूस भूक नसताना जेवतो, भरलेले पैसे सुटत नाहीत म्हणून. तुमच्या सासऱ्यांना डायबेटिस आहे, गोड पदार्थ 'आपल्या प्लॅनमध्ये आहे' म्हणून रोज समोर येणं बरं नाही.

आणि सहाजण किंवा जास्त असलात की टेबल सर्व्हिसमध्ये १८% टिप बिलातच लावतात. तुम्ही बरोबर सहा आहात. बिल बघून मग वर टिप द्या नाहीतर दोनदा दिली जाते.

संकष्टी
जूनमध्ये आमचीही ट्रिप होती मागच्या वर्षी आणि एपकॉटच्या दिवशीच नेमकी संकष्टी. आई म्हणाली मी धरणारच. दिवसभर केळी, सफरचंद, सोबत नेलेला राजगिऱ्याचा लाडू आणि ताक (छोट्या थर्मासमध्ये). रात्री आतषबाजी झाली, बस पकडून हॉटेलवर आलो, अकरा वाजून गेल्यावर पार्किंगमधून चंद्र दिसला. तिथेच उभं राहून आईनं हात जोडले आणि मग खोलीत मायक्रोवेव्हमधला वरणभात. त्या ट्रिपचं तेच जेवण मला सगळ्यात लख्ख आठवतं. कैरी, खोलीत मायक्रोवेव्ह आहे का ते हॉटेल बुक करतानाच बघ, सगळ्या खोल्यांत नसतो.

मधली_सुट्टी
आजी-आजोबा आहेत तर हॉलिवूड स्टुडिओजमध्ये 'फिफ्टीज प्राइम टाइम कॅफे'चा विचार करा. १९५० च्या दशकातलं स्वयंपाकघर केलंय, जुने टीव्ही वगैरे, आणि वाढणारे लोक तुमच्या घरातले मावशी-काका असल्यासारखे वागतात. टेबलावर कोपरं ठेवली की ओरडतात, भाजी संपवली नाही तर बसवून ठेवतात. माझे बाबा इतके खूश झाले, म्हणाले ही तर आमची आत्या! शाकाहारी पर्याय थोडे आहेत, मेनू बघून जा.

कैरीचं_पन्हं (१२ एप्रिल)
किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. काल पाटावरवंटांनी सांगितलं तसं कागदावर सहा नावं लिहिली. सासूबाई: अंडं नको. सासरे: सातच्या आत. लेक: राजकन्या. मुलगा: वाट बघायची नाही. नवरा म्हणाला 'मला चालेल काहीही', त्याला म्हटलं एक अट सांगच, तर म्हणाला आईबाबांना बसायला मिळू दे. माझी अट लिहायची राहिली होती, सासऱ्यांनी आठवण केली. मग मी लिहिलं: एक दिवस मला ऑर्डर ठरवायला लावू नका.

पाटावरवंटा
शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. तो दिवस आधी बुक करा.

ओरलँडोची_वहिनी
मनासारखं मिळालं नाही तरी घाबरू नकोस, आदल्या दिवशी संध्याकाळी पुष्कळ लोक बुकिंग सोडतात. बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतं आणि न सांगता गेला नाहीत तर माणशी १० डॉलर कापतात, म्हणून सोडतातच. अ‍ॅप उघडून परत परत बघत राहा.

कैरीचं_पन्हं (२१ जून)
आलो परत! तुम्ही एवढी मदत केलीत म्हणून वृत्तांत द्यायलाच हवा. मार्क सहा जणांचे मिळून काढलेत, वही केली होती.

पहिल्या दिवशी मॅजिक किंगडम, मोबाईल ऑर्डर करून कोलंबिया हार्बर हाउस. वरच्या मजल्यावर जाऊन बसायचं, तिथे शांत असतं. सासऱ्यांनी मासे खाल्ले, सासूबाईंनी दशमी (खास आभार @दशमी_स्पेशल). ८.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम, पँडोरा भागातलं सातुली कँटीन. खाली काय हवं आणि वर काय हवं ते आपण सांगायचं, सासूबाईंनी तिखट कुरकुरीत टोफू, भात आणि काळा घेवडा घेतला. टोफू म्हणजे काय हे समजावून सांगण्यात जरा वेळ गेला पण संपवला. आणि त्याच पार्कमधल्या आनंदपूर नावाच्या काल्पनिक गावात चहा मिळाला, पाटीवरचं नाव वाचून सासरे इतके हरखले की फोटो काढून नाशिकच्या सगळ्या ग्रुपवर पाठवला. ८.

तिसऱ्या दिवशी एपकॉट. राजकन्यांसाठी नॉर्वेचं आकर्सहूस मिळालं, वहिनी म्हणाल्या तसं आदल्या दिवशी रात्री, कोणीतरी सोडलेलं. राजकन्या टेबलाशी आल्या. लेकीनं १० दिले, मुलगा झोपला होता त्यामुळे त्याचे धरले नाहीत. संध्याकाळी साडेपाचला इटलीत व्हिया नापोली, लाकडावरच्या तीन भट्ट्या आहेत, त्यांना एटना, व्हेसुव्हियो, स्ट्रॉम्बोली अशी ज्वालामुखींची नावं. पिझ्झा पातळ आणि खरंच चांगला. सासरे पावणेसातला जेवून मोकळे. ९.

चौथा दिवस पावसाचा. अडीचचं बुकिंग होतं, बरोबर पावणेतीनला विजा सुरू झाल्या आणि आम्ही आत बसून बघत होतो. वहिनी, त्या वेळी तुमची फार आठवण काढली.

पाचव्या दिवशी सना. तो माझा दिवस, ऑर्डर नवऱ्यानं ठरवली. नऊ वाट्या समोर आल्या आणि सासूबाईंनी पहिला घास लसणाच्या लोणच्याचा घेतला, मग काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या खात होत्या. बाहेर जिराफ आला तर मुलगा ओरडला 'आजी बघ' तर म्हणाल्या थांब रे, पराठा गरम आहे तोवर खाऊ दे. साडेनऊ, कारण सासऱ्यांनी अर्धा कापला, म्हणाले आपल्या घरचं लोणचं जास्त आंबट असतं.

न्यूजर्सीकर_अण्णा
छान वाटलं वाचून. लोणच्याचा अर्धा मार्क मला पटला.

सातारी_झटका
मान्य. जेवणाला ७ वरून ६ वर येतो. त्याखाली नाही.

नवी_सदस्या
आत्ताच धागा वाचला. आम्ही नोव्हेंबरमध्ये जातोय, सोबत शेजारच्या जैन काकू आहेत, कांदा-लसूण-बटाटा नाही. काही होईल का?

कैरीचं_पन्हं
होईल गं. बुकिंग करताना आहाराची अट लिहायला जागा असते तिथे लिही, आणि टेबलाशी बसल्यावर परत सांग, शेफला बोलाव. आमच्या व्हिया नापोलीच्या शेजारच्या टेबलावर एक गुजराती कुटुंब होतं, त्यांना शेफनं सॉस न लावता नुसतं चीज आणि टोमॅटोचा पिझ्झा करून दिला होता. आणि डबा ठेव सोबत. काकूंच्या अटी कागदावर लिहून आण, इथे टाक, वहिनींना विचारू.

ओरलँडोची_वहिनी
टाक टाक, मी आहेच. नोव्हेंबरात पाऊस कमी असतो, थँक्सगिव्हिंगचा आठवडा मात्र टाळ. तारखा काय आहेत?